रिपास्सो ही चोथ्याची वाइन का?

प्रश्न : ताई, मुलगी नोकरीनिमित्त इटलीत व्हेरोनाला असते. तिच्याकडे गेलो असताना तिथल्या दुकानातून तीन बाटल्या घेतल्या. तिन्हींवर ‘वाल्पोलिचेल्ला’ हे व्हेरोनाजवळच्या वाइनच्या मुलखाचं नाव आहे. साधी 9 युरोंना, ‘रिपास्सो’ 16 ला आणि ‘अमारोने’ 38 ला. दुकानदार म्हणाला, द्राक्षं तिन्हींत तीच. वर हेही म्हणाला की रिपास्सो अमारोनेच्या चोथ्यावर करतात. मग त्याच द्राक्षाला चौपट भाव कसा? आणि चोथ्यावरची वाइन घेऊन मी फसलो का? – एक वाचक

उत्तर : फसला नाहीत, निश्चिंत राहा. दुकानदाराने सांगितलं ते खरंच आहे, फक्त मधल्या तीन-चार महिन्यांत काय होतं ते सांगायचं राहून गेलं. मी त्याच मुलखातल्या नेग्रार गावाजवळच्या टेकड्यांत सलग तीन हंगाम काम केलं आहे, म्हणून तेच आधी सांगते.

द्राक्षं तीच, म्हणजे मुख्यतः कोर्विना, जोडीला कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. खुडणी सुरू झाली की अमारोनेसाठीचे घोस वेगळे काढतात. ते मोकळ्या दाण्यांचेच लागतात, कारण गच्च घोसात वारा शिरत नाही. हे घोस लगेच पिळायचे नाहीत. ‘फ्रुत्ताइओ’त, म्हणजे सुकवणीच्या माळ्यावर न्यायचे. तिथे पूर्वी बोरूच्या चटया असत, त्यांना ‘अरेले’ म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी उथळ प्लास्टिकचे क्रेट दिसतात. घोस एकाच थरात मांडायचे, एकावर एक अजिबात नाही.

माझ्याकडे खिडक्यांचं काम होतं. कोरडी हवा असली की सताड उघडायच्या, धुकं उतरलं की धावत जाऊन लावायच्या. एका दमट नोव्हेंबरात कोपऱ्यातल्या क्रेटमधून ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. घोस उलटा केला तर पोटात राखाडी बुरशी! त्या दिवशी आम्ही चौघांनी रात्रीपर्यंत माळ्यावरचा एकेक घोस हातात घेऊन पाहिला. पण जे घोस टिकले, ते डिसेंबरअखेर पाहण्यासारखे होते. हातात घेतले तर वजनच लागेना. देठ काडीसारखा कटकन मोडायचा, साल सुरकुतलेली, आत मात्र गर मऊ आणि गोड. मनुका व्हायच्या जरा अलीकडेच थांबलेला दाणा.

एवढ्यात द्राक्षाचं 30 ते 40 टक्के वजन उडून गेलेलं असतं. भाव तिथेच चढतो. नियमानुसार 100 किलो ताज्या द्राक्षांपासून साधी वाल्पोलिचेल्ला जास्तीत जास्त 70 लिटर करता येते, अमारोने फक्त 40. पाऊण लिटरच्या बाटल्या मोजल्या तर तिकडे 93 आणि इकडे 53. त्यात माळ्याची जागा, माणसांची मेहनत, फेकून द्यावे लागलेले घोस आणि पुढे किमान दोन वर्षं मुरवत ठेवायचं. ‘रिझर्व्हा’ असेल तर चार वर्षं. म्हणून 38 युरो मला जास्त वाटत नाहीत.

आता तुमचा चोथा. अमारोने भर थंडीत, अगदी सावकाश आंबते. ती काढून घेतल्यावर टाकीत जे उरतं ते पिळून कोरडं केलेलं नसतं. सालींत वाइन असते, थोडी साखर असते आणि यीस्ट जिवंत असतं. त्याच हंगामातली साधी वाल्पोलिचेल्ला त्यावर ओततात, आणि शांत झालेली वाइन पुन्हा आंबू लागते. मी टाकीला हात लावून पाहिला होता. तळघर गारठलेलं आणि टाकीची भिंत कोमट! काही दिवसांत वाइनला रंग चढतो, अंग येतं, सुक्या चेरीसारखा वास येतो. ‘रिपास्सो’चा अर्थच पुन्हा त्यावरून नेलेली. ही उरल्यासुरल्याची सोय नव्हे, ही तिथली जुनी हातोटी आहे. शिवाय चोथा मोजकाच मिळतो आणि रिपास्सो किती करायची यालाही कायद्याची मर्यादा आहे.

या घराण्यातली थोरली मात्र चौथीच आहे, गोड ‘रेचोतो’. तीही सुकवलेल्या द्राक्षांचीच, पण साखर संपायच्या आत आंबवणं थांबवतात. घोसाच्या वरच्या दोन बाजूंना, म्हणजे कानांना, तिथल्या बोलीत ‘रेचे’ म्हणतात; नाव त्यावरून पडलं. न थांबता साखर पार संपवलेली ती अमारोने. जुनी माणसं तिला ‘रेचोतो स्कापा’, निसटलेली रेचोतो म्हणतात. मला हे नाव फार आवडतं.

लेबलबद्दल थोडक्यात. वाल्पोलिचेल्लाला डीओसी, म्हणजे ठरलेल्या भागातली आणि ठरलेल्या नियमांनी केलेली वाइन हा सरकारी दर्जा, 1968 मध्ये मिळाला. अमारोने आणि रेचोतोला त्यावरचा, हमीचा दर्जा डीओसीजी 2010 मध्ये. या दोन्हींच्या बाटलीवर क्रमांक छापलेली सरकारी पट्टी असते, तुमच्या अमारोनेवर ती पाहून घ्या. ‘क्लासिको’ लिहिलेलं असेल तर द्राक्षं नेग्रार, मारानो, फुमाने, सांताम्ब्रोजो किंवा सान पिएत्रो इन कारियानो या पाच गावांच्या हद्दीतली. क्लासिको म्हणजे चांगली आणि बाकीची हलकी, असं मात्र समजू नका. शेजारच्या वाल्पांतेना खोऱ्यातही मी उत्तम वाइन प्यायले आहे.

साधी बाटली आधी उघडा, या वर्षीच, किंचित गार करून. तिच्यातला ताज्या चेरीचा आंबटपणा ठेवून ठेवून जातो, आणि सुकवणीने काय बदललं हे कळायला आधी तीच चव जिभेवर हवी. मग रिपास्सो. अमारोने आडवी ठेवून द्या, अंधारात, गारव्यात. तिला आणखी पाच-सहा वर्षं सहज मिळतील. उघडाल तेव्हा जेवायच्या दोन तास आधी उघडा आणि सोबत मोंते व्हेरोनेसे हे तिथलंच मुरलेलं चीज ठेवा. मुलीला आणायला सांगा, व्हेरोनात सगळीकडे मिळतं.