पिकलेला मानकुराद कापताना लगदा होतो, नीट फोडी कशा कराव्यात?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या बाजारातून “गोव्याचा हापूस” आणला, उभ्याआडव्या चिरा पाडून फोड उलटी केली आणि चौकोनी तुकड्यांऐवजी हातात लगदा आला. लगद्याकडे येतोच, पण आधी एक सांगतो: मानकुरादला गोव्याचा हापूस म्हणू नका. हापूससुद्धा इथे आहे, त्याला आम्ही आफोंस म्हणतो. मुसराद आहे, फर्नांदिन आहे, हिलारियो आहे. मानकुराद ही या सगळ्यांहून वेगळी जात, आणि २०२३ मध्ये तिला स्वतःच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव पोर्तुगीज “मालकोराद”वरून आलं असं सांगतात, म्हणजे रंगाने बेताचा. नाव ठेवणाऱ्याने चव बघितली नसावी.

नावाचा हा पाल्हाळ उगाच नाही. मानकुराद पिकला तरी लाल-केशरी होत नाही. साल फिकट पिवळीच राहते, बरेचदा काळे ठिपके असतात. रंगाची वाट बघत बसलात तर फळ उतरतं आणि उतरलेला आंबा कसाही कापा, लगदाच होणार. देठाशी नाक लावा. वास आला आणि देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित दबला, की तो दिवस कापायचा. गालावर दाबून बघू नका, साल पातळ असते. दाबलेल्या जागी दुसऱ्या दिवशी डाग पडतो आणि आतला गर पाणचट होतो.

आता तुमच्या चौकोनांबद्दल. ती पद्धत हॉटेलातली आहे आणि तोतापुरीसारख्या जाड सालीच्या, घट्ट गराच्या फळाला ती शोभते. मानकुरादच्या गरात धागा जवळजवळ नसतोच. खाताना हेच त्याचं सुख, पण चिरा पाडल्यावर तुकड्यांना सालीशी धरून ठेवणारं काही उरत नाही. फोड उलटी करायला जो जोर लावता त्याने गर पिळला जातो, साल मधोमध फाटते आणि रस कोपरापर्यंत ओघळतो. तळहातावर फोड धरून चिरताना सुरी सालीतून आरपार जाऊन हाताला लागते, ते वेगळंच.

आंबे कापण्याआधी अर्धा तास गार पाण्यात ठेवा. चीक धुतला जातो आणि गर थोडा आवळतो. मग पुसून पूर्ण कोरडे करा, ओला आंबा सुरीखाली हमखास सरकतो. देठाकडची पातळ चकती उडवा. फळ नीट बघितलंत तर ते किंचित चपटं दिसेल. बाठाही त्याच अंगाने चपटा असतो. देठ वर आणि अरुंद कड तुमच्याकडे येईल असं फळ उभं धरा. देठाच्या मध्यापासून अर्ध्या बोटाएवढं, म्हणजे सहा ते आठ मिलिमीटर बाजूला सुरी लावा आणि सरळ खाली या. पातळ पात्याची, धार लावलेली सुरी घ्या. करवती पात्याने हा गर चिरत नाही, फाटतो. मध्येच खरखर लागली तर सुरी बाठ्याच्या कवचावर आहे असं समजा. जोर करू नका, पातं जरा बाहेर कलतं करा आणि बाठ्याच्या फुगवट्यावरून उतरू द्या. दुसरी बाजूही तशीच. आदोळीवर, म्हणजे विळीवर, हात बसलेला असेल तर आदोळीच बरी, कारण तिथे पातं स्थिर असतं आणि बाठा कुठे आहे ते हाताला कळतं.

असे दोन गाल निघाले की प्रत्येकाच्या सालीसकट उभ्या तीन फोडी करा. चार नको, फार बारीक फोड दोन्ही टोकांना मोडते. बाठ्याच्या कडेला गराची पट्टी उरते, ती दोन्ही बाजूंनी सालीसकट काढून घ्या. मध्यम आकाराच्या चार आंब्यांतून साधारण अर्धा किलो गर मिळतो. त्याहून बराच कमी निघाला तर सुरी बाठ्यापासून फार लांबून गेली असं समजा.

आधी सोलून मग कापणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. सोललेला मानकुराद हातात साबणासारखा निसटतो. तो धरायला बोटं रुतवावी लागतात, आणि सोलाण्याने सालीबरोबर वरचा गरही जातो. हंगामाच्या तोंडाला डझनाचा भाव हजारांत असताना तो गर केराच्या टोपलीत टाकायचा? फोड सालीवरून दातांनी ओढून खायची. पाहुण्यांसमोर संकोच वाटत असेल तर चमचा द्या. बाठा टाकू नका, घरातलं कोणीतरी त्याची वाट बघत असतं. शिवाय बाठ्याची चव सासवाला, म्हणजे नारळ-मोहरीच्या वाटणातल्या आंब्याच्या कालवणाला येते, नुसत्या फोडींची येत नाही (सासवाला खरं तर घोटंच, म्हणजे छोटे रायवळ आंबेच हवेत, पण तो वेगळा विषय).

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आंबा आणि काजू एकाच कुळातले, त्यामुळे आंब्याच्या चिकानेही काहींच्या ओठांच्या कडा चरचरतात, पुरळ येतं. तसं होत असेल तर वरचं सगळं विसरा आणि साल दाताला लावू नका, चमच्यानेच खा. कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळवंडते आणि गोडी भरतच नाही. ते पेंढ्यात किंवा कागदात एकेरी थरात ठेवा, रोज चाळा. पावसाचा तडाखा बसल्यावर आलेली फळं कापताना पहिली फोड उजेडात धरून बघा. फळमाशीच्या अळ्या गरातच असतात आणि बाहेरून फार तर टाचणीएवढा डाग दिसतो. हापूस कापलात आणि बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला तर तो साका. तेवढा कापून टाका, त्यात तुमच्या सुरीचा काही दोष नाही.

आणि चौकोनी तुकडेच हवे असतील, म्हणजे मुलांच्या डब्यासाठी वगैरे, तर नुकता पिकलेला आंबा अख्खाच तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गाल काढा, सालीलगत मोठा चमचा फिरवून गर एकसंध उचला, पाटावर पालथा ठेवा आणि मग चिरा. फोड उलटी करायची नाही.