इंग्रजीतील ‘इफ’ची वाक्ये लिहिताना

संकेतार्थी इंग्रजी वाक्यांचे शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाठ करण्यापूर्वी तुम्ही एकच गोष्ट तपासावी, असे मी सुचवेन : बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती अट शक्य आहे, काल्पनिक आहे, की हातची निघून गेलेली आहे. शक्य असेल, तर गोष्ट भविष्यातली असूनही ‘इफ’च्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ येतो आणि ‘विल’ मुख्य वाक्यात राहते. उदाहरणार्थ, ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे होम’.

मराठी भाषकाची खरी अडचण तिसऱ्या प्रकारात, म्हणजे अट हातची निघून गेलेली असते तेव्हा, होते. ‘मला कळले असते, तर मी आलो असतो’ या वाक्यात आपण दोन्हीकडे ‘असणे’चेच रूप वापरतो आणि त्याच सवयीने ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असे लिहून बसतो. प्रमाण लेखी इंग्रजीत मात्र अटीच्या बाजूला ‘हॅड नोन’ लागते, आणि ‘वुड हॅव कम’ केवळ परिणामाच्या बाजूला. परिणाम आजही टिकून असेल, तर दोन प्रकारांचे मिश्रणही चालते : ‘इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी इन पुणे नाऊ’. पाठ्यपुस्तकांत हे बहुधा शेवटी उरकलेले असते, पण प्रत्यक्ष वापरात ते वारंवार लागते.

अट काल्पनिक असते तेव्हाच्या (दुसऱ्या प्रकारच्या) ‘इफ आय वेअर रिच’मधले ‘वेअर’ औपचारिक लेखनात ठेवावे. बोलण्यात ‘वॉज’ही ऐकू येते. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच असल्याने त्यापुढे सहसा ‘नॉट’ जोडू नये. ‘इफ’चे उपवाक्य आधी आल्यास त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, नंतर आल्यास बहुधा त्याची गरज नसते.