लेखन अडले असता ते बाजूला ठेवावे का?

प्रश्न : मी एक दीर्घकथा लिहीत आहे. वडिलांच्या निधनानंतर दोन बहिणी त्यांचे कपाट उघडतात, या प्रसंगापाशी ती अडली आहे. रोज रात्री मी तोच परिच्छेद लिहितो आणि खोडतो. काही दिवस थांबावेसे वाटते; पण एकदा हात सुटला की कथा कायमची राहून जाईल, अशी धास्तीही वाटते. काय करावे?

उत्तर : अवश्य थांबा. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा गिरवल्याने फसलेली मांडणीच मनात अधिक घट्ट बसते आणि दुसरी वाट सुचेनाशी होते. थोडे अंतर पडले की ती पकड सैल होते. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांना एका अवघड प्रश्नाची उकल सहलीला गेले असताना, घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी सुचली होती. हा अनुभव सर्वत्र सांगितला जातो. मात्र अशा नकळत चालणाऱ्या कामाला आधी आणि नंतरही कसून केलेल्या जाणीवपूर्वक कामाची जोड हवी, हे त्यांनी १९०८ च्या ग्रंथात स्पष्ट केले होते, त्याकडे दुर्लक्ष होते. आपण आधीचे कष्ट उपसले आहेत, म्हणूनच हा विराम आपल्याला लाभेल, असे मला मनापासून वाटते.

उठण्यापूर्वी नेमके काय अडले आहे ते एका वाक्यात लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, ‘कपाटाची किल्ली आधी कोण उचलते आणि दुसरी तिला का अडवत नाही?’ ‘प्रसंग जमत नाही’ एवढ्या मोघम तक्रारीवर मन काम करू शकत नाही. परतण्याचा दिवसही तेव्हाच ठरवावा. आपल्या धास्तीवर तोच उपाय आहे. मधल्या काळात चालावे, हाताला काम द्यावे, पुरेसे झोपावे. मोबाइल चाळण्याला मी विश्रांती मानत नाही, कारण त्यात मनाला भटकायला मोकळीकच उरत नाही.

परतल्यावर जुने खर्डे न उघडता त्या लिहून ठेवलेल्या प्रश्नापासून कोऱ्या कागदावर सुरुवात करावी. तरीही गाडे हलले नाही, तर दोष बहुधा या प्रसंगात नसून आधीच्या पानांत असतो : वडील हयात असताना या बहिणींमध्ये काय घडले होते, हेच कदाचित अजून ठरलेले नसेल. तसे असल्यास कपाट तूर्त बंदच ठेवून आधी ती पाने लिहावीत.