वाचकांचे प्रश्न : शिडाच्या नौकेचा हिवाळा

प्रश्न : नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने डिझेल इंजिन असलेली आठ मीटर लांबीची जुनी शिडाची नौका घेतली असून ती आयसेलमेर सरोवरात असते. हिवाळ्यापूर्वी ती पाण्याबाहेर काढणे आवश्यक आहे काय? पुढील उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी त्याच्यासोबत तेथील कालव्यांतून फिरावे असा त्याचा आग्रह आहे. त्यासाठी डोलकाठी उतरवावी लागेल काय? अशी सफर गोदावरीतून पैठण ते नांदेड का होऊ शकत नाही?
— एक निवृत्त शिक्षक, नांदेड

उत्तर : कोकणात होड्या शाकारतात त्या पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रामुळे, तेथे मात्र भय गोठण्याचे आहे. १९३२ मध्ये बांध पूर्ण होऊन आयसेलमेर समुद्रापासून तुटले आणि त्याचे पाणी गोडे झाले, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर गोठते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाच्या पोटात अडकलेले असेल, तर बिडाचे ओतकामही तडकवते. म्हणून नौका बाहेर काढली तरी आतले पाणी न काढल्यास तो खर्च व्यर्थ ठरतो.

इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे भरावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल महिनोन्महिने आतले भाग खात राहते. विहिरीवरचे इंजिन हंगामानंतर तसेच टाकून देणाऱ्यांना हे ठाऊक असेल. थंड करणाऱ्या पाण्याच्या मार्गात अँटिफ्रीझ, म्हणजे गोठण्यास रोखणारे द्रावण, खेळवावे. पिण्याच्या पाण्याची टाकी, शौचालयाचा पंप आणि नळ्या रिकाम्या कराव्यात. तेथे अँटिफ्रीझ वापरायचेच झाले, तर ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे, कारण एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. बॅटरी पूर्ण भारित ठेवावी, उतरलेली बॅटरी लवकर गोठते. शिडे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून घरी न्यावीत. वरून ताडपत्री घालावी, पण हवा खेळती ठेवावी. कोंडलेल्या ओलीने बुरशी धरते.

नौका जुनी असल्यामुळे या वर्षी तरी ती बाहेर काढावीच, असे आमचे मत आहे, कारण तळ आणि सुकाणू डोळ्यांनी पाहण्याची दुसरी संधी नसते. त्याच वेळी डोलकाठीही उतरवून तिला धरणाऱ्या पोलादी तारा तपासाव्यात. वसंतात ती पुन्हा उभी केल्यावर पाण्यापासून तिच्या टोकापर्यंतची उंची आणि नौकेची पाण्याखालची खोली मोजून लिहून ठेवावी. पुढचा सारा मार्ग या दोन आकड्यांवर ठरेल. देशाच्या नैऋत्येकडील व्लिसिंगेनपासून ईशान्येकडील डेल्फझाइलपर्यंत उघडणाऱ्या पुलांचा एक मार्गच डोलकाठी उभी ठेवून जाणाऱ्या नौकांसाठी आहे, त्यामुळे ती उतरवण्याची गरज पडू नये. आडबाजूच्या लहान कालव्यांत शिरायचे असल्यास स्थिर पुलांमुळे ती आडवी करावी लागेल. नौका पंधरा मीटरपेक्षा लहान आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असल्याने तेथे नौकाचालकाच्या परवान्याची आवश्यकता नाही.

गोदावरीचे उत्तर कटू आहे. २०१६ च्या कायद्याने भद्राचलमपासून नाशिकपर्यंतची गोदावरी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये आली खरी, पण पैठण आणि नांदेड यांच्यामध्ये ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, विष्णुपुरी असे बंधारे आडवे आहेत. पातळी चढवून-उतरवून नौका पलीकडे सोडणारे दुहेरी दारांचे हौद, ज्यांना लॉक म्हणतात, ते तेथे नाहीत. उन्हाळ्यात बंधाऱ्यांमधले पात्रही ठिकठिकाणी कोरडे पडते. नाथसागर विस्तीर्ण आहे, परंतु तेथे पक्षी अभयारण्य असल्याने वनविभागाच्या परवानगीशिवाय नौका घालता येत नाही. व्हिसा लांबलाच, तर केरळात कोल्लमपासून कोट्टपुरमपर्यंतचा १६८ किलोमीटरचा जलमार्ग आहे आणि तेथे गोठण्याची चिंता नाही.