आधी घणसोलीला उतर

"ताई, मी वाशीच्या एका कॉलेजात टीवायबीएला आहे, राहते ऐरोलीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जणींनी कॉलेजात स्त्रीवादी अभ्यासगट सुरू केला. गणपतीच्या सुट्टीनंतर एफवाय बीएस्सीच्या एका मुलीने (अठरा पूर्ण आहेत) आम्हाला सांगितलं, की केमिस्ट्रीचे एक सर जर्नलवर सही करायच्या निमित्ताने तिला प्रॅक्टिकलनंतर थांबवून ठेवतात आणि अंगाला हात लावतात. आम्ही लगेच आवाज उठवला. चारशे सह्यांचं निवेदन प्राचार्यांना दिलं, गेटवर 'एफवाय केमिस्ट्रीच्या आमच्या बहिणीला न्याय द्या' अशी पोस्टर लावली, इन्स्टावर मोहीम चालवली. प्राचार्यांनी माझ्या पप्पांना बोलावून घेतलं. घरी रोज वाद. आई म्हणते, आधी डिग्री घे, मग जग सुधार. गटातल्या तिघी 'सेमिस्टर आहे' म्हणून बाजूला झाल्या, त्यातली एक माझी शाळेपासूनची मैत्रीण. मुलं मला बघून 'आल्या फेमिनिस्ट' म्हणतात. ती मुलगी घणसोलीला राहते, वडील मार्केटला माथाडी आहेत. दिवाळीनंतर ती कॉलेजला आलेली नाही, तरी आम्ही तिच्यासाठी लढतोच आहोत. नवीन वर्ष लागलं, मी एकटी पडलेय. सगळं सोडून द्यावं का?"
– एक कार्यकर्ती

अगं, तुझं पत्र छापताना मला निम्म्याहून जास्त कमी करावं लागलं. मूळ पत्रात प्राचार्यांवर दीड पान आहे, मैत्रिणीवर एक पान, गेटवरच्या पोरांवरही दोन परिच्छेद. जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं तिच्या वाट्याला आलंय एक वाक्य. दिवाळीनंतर ती आलेली नाही. मी तिथेच अडकले.

का येत नाही ती? आजारी आहे? घरच्यांनी शिक्षण बंद केलं? लग्नाचं बघतायत? की तीच घराबाहेर पडत नाही? तुला यातलं काही माहीत असतं तर तू लिहिलं असतंस. आणि रोज सकाळी तू ऐरोलीला गाडीत चढतेस. रबाळे जातं, मग घणसोली येतं. गाडी थांबते, बायका उतरतात-चढतात, गाडी सुटते, आणि तू वाशीला जाऊन तिला न्याय द्या म्हणून घोषणा देतेस. मला याचा राग आलाय.

ती पोस्टर पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आण. प्रॅक्टिकलच्या एका बॅचला मुलं किती असतात? त्यात मुली किती? पोस्टर लागल्यावर यायची बंद झालेली त्यातली कोण? लॅब असिस्टंटपासून कॅन्टीनच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांनी हे गणित एका दिवसात सोडवलं असणार. सरांचं नाव तुमच्या पोस्टरवर नव्हतं, तिचं मात्र जवळजवळ होतं. कॉलेजांसाठी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे नियम आहेत. त्यात पीडितेची ओळख जाहीर होता कामा नये असं स्पष्ट लिहिलंय. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातही तक्रारदार बाईचं नाव, पत्ता, ओळख उघड करायला मनाई आहे. तुम्ही अभ्यासगट म्हणवता, मग गेटवर पोस्टर चिकटवण्याआधी हे वाचायला हवं होतं.

तिच्या घराचाही विचार कर. माथाडी कामगाराच्या घराला मोर्चा शिकवायला तू जाऊ नकोस. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या मागे डोक्यावर ओझी वाहणारी माणसं उभी राहिली, तेव्हा 1969 साली माथाडी कायदा आला. त्या घरांना आंदोलनाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती वसाहतीतल्या जिन्यावर पोरीचं नाव निघण्याची, गावाकडे फोन जाण्याची. ती भीती तुला मागासलेली वाटत असेल. वाटू दे. त्या घरात राहायचं तिला आहे.

मी हे इतकं ताणून धरतेय याला कारण आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीला आपल्याकडे अजूनही सगळे 'विशाखा समिती' म्हणतात, तुझ्या निवेदनातही तोच शब्द असेल. ही समिती आली कुठून? राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी, सरकारी महिला विकास कार्यक्रमात साथीन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करायची. तिने एक बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, त्याचा सूड म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 1997 मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, 2013 मध्ये कायदा आला. देशभरातल्या बायकांना काहीतरी हातात मिळालं, ते भंवरीदेवीमुळे. तिच्या स्वतःच्या खटल्यातलं अपील मात्र उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिलं. संघटनांनी केलं ते मोलाचं होतं, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. पण ज्या बाईच्या जखमेवर चळवळ उभी राहते तिचं पुढे काय झालं, हे विचारायची सवय आपण लावून घेतली नाही. ती तुला विसाव्या वर्षी लागावी असं मला वाटतं. तीस वर्षं मोर्चे काढून झाल्यावर ती लागत नाही, हे मी आजूबाजूला बघते.

आता कामाचं. तुझ्या अख्ख्या पत्रात 'तिने तक्रार लिहून दिली' असं वाक्य नाही. याचा अर्थ कळतोय तुला? चारशे सह्यांचं निवेदन ही तक्रार नव्हे. तक्रार तिने स्वतः, लेखी, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे द्यायची असते. दुसऱ्या कोणी तिच्या वतीने द्यायची तर ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या स्थितीत नाही असं असावं लागतं. आणि मुदत आहे तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून. तुम्ही रील बनवत होतात तेव्हा ते तीन महिने सरत होते, बहुधा सरलेही. समिती कारण लेखी नोंदवून आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवून देऊ शकते. समितीकडे जायला तेवढीच वाट उरली असेल, आणि तीही रोज कमी होतेय.

म्हणून उद्या कॉलेजला जाताना घणसोलीला उतर. पहिलं लेक्चर बुडू दे. एकटी जा, गट घेऊन जाऊ नकोस, फोन पर्समध्ये राहू दे. एफवायच्या एखाद्या मुलीकडून केमिस्ट्रीच्या नोट्स झेरॉक्स करून ने, म्हणजे दारात तिची आई भेटली तर तुझ्या हातात सांगण्यासारखं काही असेल. आईने चहा दिला तर घे. दोघींना एकांत मिळाला की आधी पोस्टरबद्दल माफी माग. 'आमचा हेतू चांगला होता' हे शेपूट त्याला जोडू नकोस. मग विचार, तुला काय हवंय? आणि गप्प बस. ती पाच मिनिटं बोलली नाही तरी गप्प बस. भाषणाची सवय असलेल्यांना हे फार जड जातं.

ती म्हणाली, मला तक्रार करायची आहे, तर तिच्या शेजारी बसून तिच्याच शब्दांत लिहून काढायला मदत कर. कोणती तारीख, कोणतं प्रॅक्टिकल, लॅबमध्ये तेव्हा आणखी कोण होतं, सर काय म्हणाले. तिला लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते. उशीर का झाला तेही त्यात येऊ दे. सोबत अंतरिम मागण्या लिहून द्या, याची तुमच्यापैकी कोणालाच कल्पना दिसत नाही: चौकशी चालू असेपर्यंत त्या सरांनी तिचं जर्नल, प्रॅक्टिकल, पेपर काहीही तपासायचं नाही, असा आदेश मागता येतो. तीन महिन्यांपर्यंतची रजाही मिळू शकते, तिच्या हक्कांना धक्का न लागता. पंचाहत्तर टक्के हजेरीपायी त्या मुलीचं वर्ष जायची पाळी आली आहे, आणि हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. विभागप्रमुख समितीवर बसलेले असतील तर हरकत घ्या, नियमाने त्यांना बसता येत नाही. विद्यार्थिनीचं प्रकरण असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधी समितीवर लागतात, तेही निवडून आलेले. तुमच्या कॉलेजात ही निवडणूक झाली का? हा प्रश्न घेऊन प्राचार्यांच्या केबिनसमोर बसलात तर मी स्वतः येऊन तुमच्याबरोबर बसेन.

आणि ती म्हणाली, मला काही नको, फक्त हे सगळं थांबवा, तर परवा सकाळी गेट उघडायच्या आत उरलीसुरली पोस्टर तू काढायचीस. मोहिमेतली प्रत्येक पोस्ट पुसायची. 'पण बाकीच्या मुलींचं काय' असा वाद तिच्याशी घालायचा नाही. बाकीच्या मुलींसाठी समितीची मागणी तिचं नाव, वर्ग, विषय न घेता करता येते, तिथे तुझा सगळा आवाज लाव. कोणत्याही मुलीला आपल्या दुःखाचा झेंडा करायचा नसेल तर तो तिचा हक्क आहे. तिला भित्री म्हणणाऱ्या बायांमध्ये तू जाऊन बसू नकोस.

बाकीचं थोडक्यात. प्राचार्यांनी सज्ञान मुलीच्या वडिलांना बोलावणं चुकीचंच होतं, ते लेखी कळव आणि सोडून दे. परीक्षा दे, त्यात आईचं ऐकलं तर चळवळीचं काही बुडत नाही. त्या तिघींना गद्दार वगैरे म्हणत असशील तर थांबव. सेमिस्टर खरोखरच आहे.

सगळं सोडून द्यावं का, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर मी आज देणार नाही. घणसोलीहून आलीस की पुन्हा लिही, आणि त्या पत्रात पहिल्यांदा ती कशी आहे ते कळव.