‘सीईटीला किती पडले?’ याचं उत्तर काय द्यायचं

“मॅडम, पर्सेंटाइल खरा सांगितला तर कॅटेगरी कळते. खोटा सांगितला तर झोप लागत नाही.” इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरचा मुलगा, मूळचा जालना जिल्ह्यातला, पुण्यात होस्टेलवर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) राखीव जागेवर आलेल्या कित्येक मुलामुलींना पहिल्या वर्षी हीच धास्ती असते.

धास्ती उगाच नसते. सीईटी या प्रवेश परीक्षेनंतर कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्या होतात; त्यांच्या कटऑफ यादीत जागांचे कोड असतात: ‘जीओपीईएनएच’ म्हणजे खुली, ‘जीएससीएच’ म्हणजे अनुसूचित जातीची. आकडा कळला की समोरचा मोबाइलवर जुळवून बघतो. या मुलाने आकडा वाढवून सांगितला आणि मग तो सांभाळत बसला. महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलच्या) कामाला ऑफिसात जायचं ते गर्दी ओसरल्यावर, जातवैधता प्रमाणपत्राची झेरॉक्स बॅगेच्या आतल्या कप्प्यात. शेवटी घात कॉलेजनेच केला. शिष्यवृत्तीची कागदपत्रं अपुरी असलेल्यांची यादी, नाव आणि प्रवर्गासकट, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. त्या रात्री मेसमध्ये एकजण ताट ठेवता ठेवता म्हणाला, “याचं बरंय, फी पण नाही आणि अभ्यास पण नाही.” बाकीचे हसले. पुढे लॅबच्या गटात त्याला कुणी घेईना, आणि तोंडी परीक्षाही त्याने बुडवल्या.

वडील फोनवर म्हणाले, “शिकायला गेलायस ना, कानाडोळा कर.” पण पोरगं कानाडोळा करत नसतं, गिळत असतं. ‘मार्कांनी उत्तर दे’ हा सल्ला तर त्याहून घातक. एक विषय राहिला की टोमणा मारणाराच बरोबर होता असं त्याला वाटू लागतं.

तो समुपदेशनाला आला तेव्हा पहिल्या भेटीत मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे घडलं ते: तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होतं. उजवीकडे त्यावरून त्याने काढलेला अर्थ. डावीकडे मेसमधलं ते वाक्य आलं, उजवीकडे ‘माझी लायकी नाही’. हे दोन्ही त्याच्या डोक्यात एकच होऊन बसलं होतं. शिवाय डावी बाजू पुढे तक्रारीला जशीच्या तशी उपयोगी पडते.

मग उत्तर बसवलं: “पर्सेंटाइल मी सांगत नाही. तुझी असाइनमेंट झाली का?” एवढंच. उभं राहून, मोठ्याने, आवाज शेवटी पडणार नाही इतक्या वेळा. कारण द्यायचं नाही. बहुतेक मुलं इथेच फसतात: मेसमध्ये आरक्षणावर वाद घालायला जातात, आणि एकाविरुद्ध सात असताना तो बाकीच्यांचा टाइमपास होतो.

ग्रुपवर पडलेल्या यादीबद्दल प्राचार्यांना अर्ज दिला: यापुढे नाव-प्रवर्ग नको, फक्त अर्ज क्रमांक टाका. तो मान्य झाला. लॅबचे गटही वर्गशिक्षकांनी रोल नंबरप्रमाणे पाडले.

टोमण्याची तक्रार करायची की नाही, हे त्याने ठरवायचं. वाटा माहीत हव्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. रॅगिंगच्या व्याख्येत 2016 पासून जात, वंश, रंग, प्रांत, भाषा यांवरून छळणं आणि वाळीत टाकणंही येतं. पुण्यात ‘चिंकी’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या ईशान्येकडच्या मुलांनाही हीच वाट खुली आहे. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या अपमानाच्या कलमांना मात्र जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान आणि तोही लोकांसमक्ष, असं दाखवावं लागतं. मेस त्यात बसू शकते, बंद खोलीतलं दोघांतलं बोलणं सहसा नाही. आणि ‘फी नाही’ या वाक्यात जातीचा उल्लेखच नाही, म्हणून नुसत्या त्यावर केस लंगडी पडते. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावं.

लेखी द्यायचं ठरलं तर दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार महिन्याभरात कुणालाच आठवत नाही.