पगार पाच वर्षांत वाढला, तरी ओढाताण का वाढली?

आपण विचारले आहे की, सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीतल्या एका कारखान्यात १७,००० रुपयांवर लागलो, जुलै २०२५ च्या वाढीनंतर पगार २१,४०० झाला, सरकारी आकड्यांनुसार महागाईही फारशी नाही, मग महिनाअखेरची ओढाताण पूर्वीपेक्षा जास्त का? मी चाकणच्या बाजूला एका मध्यम कारखान्यात गेली सतरा वर्षे कामगारांची पगारपत्रके तयार करतो. हा प्रश्न माझ्या टेबलापाशी दर महिन्याला वीस तारखेनंतर येतो, फक्त तेव्हा तो उचल मागण्याच्या रूपात येतो.

प्रथम साधा हिशेब करू. केंद्र सरकारचा श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी दरमहा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. २०१६ हे वर्ष १०० धरले, तर हा निर्देशांक सप्टेंबर २०२० मध्ये ११८.१ होता आणि जुलै २०२५ मध्ये १४६.५ झाला, म्हणजे किमती सुमारे २४ टक्क्यांनी वाढल्या. आपला १७,००० रुपयांचा पगार त्याच प्रमाणात वाढवला, तर तो २१,०८८ रुपये होतो. याचा अर्थ आपल्या ४,४०० रुपयांच्या वाढीतले जवळजवळ ४,१०० रुपये केवळ झीज भरून काढण्यात गेले आणि खरी म्हणावी अशी वाढ सुमारे ३१० रुपयांची झाली. कारखान्यात आम्ही दोन्हींना ‘इन्क्रिमेंट’ म्हणतो आणि पेढेही वाटतो, हा भाग वेगळा.

पण हे ३१० रुपयेसुद्धा आपल्याला दिसत नाहीत, आणि त्याचे कारण आपल्याच प्रश्नात आहे. खोलीचे भाडे सुरुवातीला ५,५०० होते आणि अकरा महिन्यांच्या प्रत्येक करारात मालक दहा टक्के वाढवतो, असे आपण लिहिले आहे. या काळात करार पाच वेळा नवा झाला असणार, म्हणजे भाडे आज ८,८५० च्या आसपास असले पाहिजे. वाढलेल्या ४,४०० पैकी ३,३५० रुपये एकट्या खोलीने नेले. किराणा, गॅस, शाळेची फी, येण्याजाण्याचा खर्च आणि भविष्य निर्वाह निधीची वाढलेली कपात हे सर्व उरलेल्या १,०५० रुपयांत भागवायचे आहे.

निर्देशांक खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. तो देशभरातील ८८ केंद्रांवरून काढलेल्या सरासरी कुटुंबाचा आहे आणि त्या कुटुंबाच्या खर्चात घराचा वाटा १६.८७ टक्के धरलेला आहे. त्या सरासरीत स्वतःच्या घरात राहणारे आहेत आणि कित्येक वर्षे एकाच खोलीत जुन्या भाड्यावर राहणारेही आहेत. आपल्या पगारात भाड्याचा वाटा लागलात तेव्हाच ३२ टक्के होता आणि आज ४१ टक्के आहे. गावाकडून आलेला, स्वतःचे छप्पर नसलेला कामगार या सरासरीत हरवून जातो. अन्नाचेही तसेच आहे. निर्देशांकाच्या पूर्वीच्या मालिकेत ४६.२ टक्के असलेला अन्नाचा भार २०१६ च्या मालिकेत ३९.१७ टक्क्यांवर आला. कुटुंबे सुधारली की अन्नाचा वाटा घटतो हे खरेच आहे, पण ज्याचा पगार कमी त्याच्या घरी पिठाच्या डब्याचा भार तेवढा हलका झालेला नसतो.

किती पगार पुरेसा, याचे मोजमाप आपल्याकडे फार पूर्वी ठरले होते. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने एका कमावत्या माणसामागे तीन ‘एकके’ धरली, प्रत्येकी २,७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. त्या तीन एककांत नवरा, बायको आणि दोन मुले आहेत. गावी राहणारे आईवडील त्यात कुठेच नाहीत, आणि माझ्याकडे येणारी निम्मी उचल त्यांच्याच औषधांसाठी असते.

सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत असतो आणि वर्षातून दोनदा सुधारतो. केंद्राचा हा भत्ता करोनाकाळात दीड वर्ष गोठवला होता, तरी नंतर तो वाढत जुलै २०२५ पासून ५८ टक्क्यांवर गेला. युनियनचा करार असलेल्या कारखान्यांत बरेचदा निर्देशांकाच्या एका पॉइंटमागे ठरावीक रक्कम मिळते, आणि करार जुना असेल तर ती रक्कम हास्यास्पद असते. जिथे एकच ठोक आकडा सांगितला जातो आणि भत्ता वेगळा दाखवलाच जात नाही, तिथे महागाईशी पगाराची दोरी बांधलेलीच नसते. आपल्या पगारचिठ्ठीत महागाई किंवा विशेष भत्त्याची वेगळी ओळ आहे का, हे पाहा. नसेल, तर पुढच्या वाढीच्या बोलणीत टक्क्यांवर भांडण्याआधी ती ओळ मागा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण आपला आकडा पाहून सांगणे भाग आहे. राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे; पगार त्यावर गेला की हा विमा सुटतो, आणि आपण २१,४०० वर गेला आहात. आमच्याकडे असेच ओलांडलेला एक वेल्डर वाढीचे पत्र हातात घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, चारशे रुपये कमी करून घेतले तर कार्ड राहील का?” त्याच्या पत्नीचे ऑपरेशन व्हायचे होते. महिन्याला दीडशे-एक रुपयांची कपात वाचणार होती, आणि त्या बदल्यात सबंध कुटुंबाचा दवाखाना जाणार होता.

मी त्याला सांगितले तेच आपल्यालाही सांगतो. मर्यादा सहामाहीच्या मध्येच ओलांडली, तर वर्गणी ती सहामाही संपेपर्यंत कापली जाते. जुलैमध्ये पगार वाढला असेल तर ३० सप्टेंबरपर्यंत, आणि हजेरीची अट पूर्ण असल्यास त्या सहामाहीवरचे लाभ पुढच्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतात. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत, तेव्हा आपले २१,४०० त्यासह आहेत की त्याविना, हे आधी आपल्या टाइम ऑफिसात विचारून घ्या. त्याविना असतील, तर घरातले रखडलेले उपचार जूनच्या आत उरकून घ्या. वेल्डरच्या पत्नीचे ऑपरेशन मे महिन्यात झाले.